किनारपट्टीच्या परसात केशर फुलेल काय?

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडणाऱ्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात आजोबांनी लावलेली पोफळ नातवाच्या डोळ्यांदेखत मोडून पडली. पोफळीचे रोप लावल्यापासून उत्पन्न हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात आणि माडाचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. मधल्या रिकाम्या काळात कुटुंबाने काय करावे, हा प्रश्न त्या दिवसापासून वाडीवाडीत विचारला जात आहे. अशा वेळी थोड्या जागेत, थोड्या दिवसांत मोठी रक्कम मिळवून देणाऱ्या पिकाचे नाव कानी आले, तर मन तिकडे ओढ घेणारच. गेल्या काही वर्षांत हे नाव केशराचे आहे.

अलिबाग तालुक्यातील एका गावी ग्रामसभेस उपस्थित राहण्याचा योग आला असता एका भगिनीने प्रस्तुत लेखकास सरळ प्रश्न केला. त्यांच्या बचत गटाकडे काही रक्कम शिल्लक होती. पुण्यासारख्या शहरात बंद खोलीत केशर काढल्याच्या बातम्या गटाने वाचल्या होत्या. परसात, किंवा वादळानंतर रिकाम्या झालेल्या पडवीत, केशर लावले तर पैसे परत येतील काय, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे ते शोधताना जी माहिती हाती आली, ती ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कार्यकर्ते यांना उपयोगी पडेल अशी असल्याने येथे दिली आहे.

केशर म्हणजे नेमके काय?

केशर ही एका लहानशा जांभळ्या फुलातील स्त्रीकेसराची तीन लाल टोके होत. वनस्पतिशास्त्रात या झाडास क्रोकस सॅटायव्हस असे म्हणतात. ही वनस्पती जेमतेम वीतभर उंचीची व गवतासारख्या पानांची असून जमिनीत तिचा कंद असतो. हा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसून सुरणाप्रमाणे आत भरीव असतो. आकाराने मात्र तो लहान कांद्याएवढाच.

या वनस्पतीचा एक विशेष असा की तिला बी धरत नाही. सर्वसामान्य वनस्पतीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. केशरात तीन आहेत. त्यामुळे बीजधारणा होऊ शकत नाही आणि जगात जेथे जेथे केशर आहे, तेथे ते माणसाने कंद उपटून, वेगळे करून, पुन्हा लावल्यामुळेच आहे. ग्रीसमधील एका रानटी जातीपासून हे पीक निर्माण झाले असावे, असे अलीकडील आनुवंशिक संशोधनातून दिसून आले आहे. ‘केशराचे बी’ म्हणून कोणी पुडी विकत असेल, तर अधिक चौकशीची गरजच उरत नाही.

एका फुलातून तीन तंतू मिळतात व वाळल्यावर त्यांचे वजन सुमारे एक पंचमांश उरते. एक ग्रॅम सुके केशर मिळण्यास दीडशेच्या आसपास फुले लागतात. किलोस दीड लाख. प्रत्येक फूल सकाळी हाताने खुडावे लागते व त्यातील तंतू हातानेच वेगळे करावे लागतात. केशराच्या भावाचे रहस्य या श्रमात आहे.

काश्मीर आणि कोकण

भारतात केशराचे माहेर म्हणजे काश्मीर. संस्कृतात केशरास ‘काश्मीरज’ असेच एक नाव आहे व बाराव्या शतकातील कल्हणाच्या राजतरंगिणीत त्या भूमीच्या वैशिष्ट्यांत केशराची गणना केलेली आढळते. श्रीनगरजवळील पांपोर येथील करेवा नावाची उंच सपाट माळराने आणि जम्मू विभागातील किश्तवाड ही या पिकाची प्रमुख ठिकाणे होत. पांपोर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. काश्मीरच्या केशरास २०२० मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

तथापि तेथेही सर्व आलबेल आहे असे नाही. १९९६-९७ मध्ये सुमारे ५,७०० हेक्टर असलेले केशराचे क्षेत्र पुढील काळात ३,७०० हेक्टरांच्या आसपास आले. वेळेवर न पडणारा पाऊस, कंदकूज आणि वाढती घरबांधणी ही त्याची कारणे सांगितली जातात. २०१० मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय केशर अभियान हाती घेतले ते याच चिंतेपोटी. जगातील केशराचा फार मोठा भाग, सुमारे नऊ दशांश, एकटा इराण पिकवतो. ज्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या हे पीक घेतले जाते तेथील शेतकरीही चिंतेत असताना आपण त्यात उडी घेणार आहोत, हे ध्यानात असावे.

केशराचे वर्ष आपल्या शेतीच्या वर्षाहून उलटे चालते. वैशाखात त्याची पाने वाळतात आणि पावसाळाभर कंद निजलेला असतो. ही निद्रा वरवरचीच, कारण याच काळात, २३ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात, कंदाच्या आत फुलाची कळी घडते. पुढे हवा उतरून १७ अंशांच्या आसपास आली की कळी वर येते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी मळे जांभळे होतात. त्यानंतर पाने वाढतात. हिवाळाभर व वसंतात ही पाने अन्न तयार करून जमिनीखालील नव्या पिल्लू-कंदांत साठवतात. जुना कंद सुकून जातो; पिल्ले पुढील वर्षी फुलतात.

आता या वेळापत्रकाशेजारी आपले वेळापत्रक मांडून पाहावे. १९०४ साली मुंबईच्या कुलाब्याहून जी चुंबकीय वेधशाळा हलविण्यात आली, ती अलिबागलाच. त्यामुळे हवामानाच्या बाबतीत आपला किनारा अपरिचित नाही. कंद कोरडा राहायला हवा त्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. फुलण्यासाठी गारवा हवा त्या ऑक्टोबरात आपल्याकडे दुसरा उन्हाळा असतो. पानांना थंडी हवी तेव्हा रात्रीचे तापमान सर्वसाधारणपणे १५ अंशांखाली उतरत नाही आणि दुपारी ते ३० अंशांपाशी असते. परसातील मातीत लावलेला केशराचा कंद जुलैतच कुजतो. एका परिचित शिक्षकांनी शाळेच्या बागेत हौसेने लावलेल्या २० कंदांपैकी नारळीपौर्णिमेस एकही हाती लागला नाही. मुलांनी माती उकरली तेव्हा केवळ साले निघाली. कंद त्यांनी टपालाने मागविले होते आणि विक्रेत्याच्या पत्रकात ‘सर्व हवामानांत येणारे’ असे छापलेले होते.

बंद खोलीतील केशर

मग बंद खोलीत फुले येतात ही बातमी खोटी म्हणावी काय? तसे नाही. ती खरी आहे. परंतु अर्धी आहे.

फुलण्यास लागणारे सर्व अन्न कंदात आधीच साठलेले असल्याने केशराला फूल येण्यापुरती मातीही लागत नाही. चाळणीवजा तबकात कंद मांडून खोलीचे तापमान व आर्द्रता नियंत्रित केली, तर फूल येते. काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठानेही ही पद्धत पुढे आणली आहे. तेथे मात्र फुले खुडून झाल्यावर तेच कंद शेतात नेऊन लावतात. काश्मीरच्या थंडीत त्यांची पाने वाढतात आणि पुढील वर्षाचे कंद तयार होतात.

आपल्या बचत गटातील भगिनींना हीच गोष्ट पुढील शब्दांत सांगितली, तेव्हा ती तत्काळ पटली. पहिल्या वर्षी जे फूल मिळते ते कंदातील मुद्दल मोडून मिळते. हे मुद्दल गेल्या हिवाळ्यात काश्मीरच्या जमिनीत जमा झालेले असते. ते पुन्हा भरून काढण्यास पानांना ऊन आणि थंडी दोन्ही हवीत. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन तापू लागते, पाने अकाली पिवळी पडतात व खाली सुपारीहूनही लहान पिल्ले उरतात. साधारणपणे आठ-दहा ग्रॅमहून लहान कंदास फूल येण्याची शाश्वती नसते. म्हणजे दुसऱ्या वर्षी पुन्हा कंद विकत घेणे आले. केवळ कंद विकणाऱ्याचा धंदा त्यामुळे कायमचा चालू राहतो.

हिशोबही मांडून पाहू. दहा ग्रॅमचे २०० कंद, म्हणजे दोन किलो कंद, एका लहान मांडणीवर मावतात. प्रत्येकास दोन फुले येतील असे उदार मनाने धरले, तर ४०० फुले. केशर सुमारे अडीच ग्रॅम. त्यासाठी १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर असे सुमारे ६० दिवस, दररोज १२ तास, तासाला केवळ एक युनिट वीज धरून वातानुकूलन यंत्र चालविले तरी ७२० युनिट वीज लागेल. अडीच ग्रॅम केशरात हे वीज देयकसुद्धा भागणे अवघड आहे. कंद, मांडणी व श्रम यांची गोष्ट पुढची. कंदांची संख्या हजारोंनी वाढविली म्हणजे विजेचा भार दर ग्रॅममागे कमी होतो हे खरे; परंतु मग तो परसबागेचा विषय राहत नाही. तो मोठ्या भांडवलाचा, अखंड विजेचा व कंदांच्या वार्षिक पुरवठ्याचा उद्योग होतो. अशा उद्योगात कोणी जाणतेपणी उतरत असेल तर त्यास विरोध करण्याचे कारण नाही. बचत गटाची गंगाजळी त्यात घालू नये, एवढेच या लेखकाचे मत आहे.

हौसेखातर किंवा विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी दहा-बारा कंद लावण्यास मात्र हरकत नसावी. कंद दहा ग्रॅमहून मोठे, टणक व डागरहित पाहून घ्यावेत. पावसाळ्यात ते मातीत न ठेवता कोरड्या भाताच्या तुसात, एकमेकांस न चिकटतील असे, हवेशीर जागी मांडावेत व आठवड्याने पाहून बुरशी धरलेला कंद तत्काळ काढून टाकावा. ऑक्टोबरात गार खोली मिळाली तर फूल येईल. ते उघडेल त्याच सकाळी खुडून लाल तंतू सावलीत वाळवावेत. या एका फुलावरून मुलांना वनस्पतिशास्त्राचे चार धडे शिकविता येतील.

नामसाधर्म्याचा धोका

‘अमेरिकन केशर’ या नावाने जे बियाणे विकले जाते ती आपली करडई होय. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या रब्बीत वाढणारे हे तेलबियांचे पीक असून त्याच्या वाळलेल्या पाकळ्या तांबूस-केशरी दिसतात. राजस्थानात व आपल्या राज्यातही काही शेतकऱ्यांनी हे पीक केशर समजून लावले आणि काढणीनंतर ग्राहक न मिळाल्याने ते हताश झाले. करडईस कमी लेखण्याचा हेतू नाही. तिचे तेल उत्तम असते. तिला केशराचा भाव मिळणार नाही, इतकेच.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या केशराचा तंतू एका टोकास तुतारीसारखा रुंदावलेला असतो. करडईची पाकळी बारीक नळीसारखी असून तिला टोकाशी पाच फाटे असतात. कोमट पाण्यात टाकल्यास खरा तंतू हळूहळू पिवळा रंग सोडतो आणि स्वतः लालच राहतो. पाणी क्षणात लालभडक झाले व तंतू पांढरा पडला, तर रंगविलेला माल समजावा. मक्याच्या कणसाचे केसही रंगवून विकले जातात.

याहून गंभीर बाब म्हणजे विषारी कंदांची. कॉल्चिकम नावाच्या वनस्पतीचे फूल केशराच्या फुलासारखेच दिसते; भेद एवढाच की केशराच्या फुलात तीन पुंकेसर असतात आणि कॉल्चिकममध्ये सहा. त्यातील विष प्राणघातक ठरू शकते. आपल्या कुंपणावर पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही हेच विष असते. अनोळखी कंद घरात, विशेषतः मुलांच्या हाती लागेल असा, ठेवू नये.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. ‘कुंकू’ हा आपला शब्द ‘कुंकुम’ या संस्कृत शब्दावरून आला आणि कुंकुम म्हणजे केशर. दुर्मिळ केशराच्या जागी हळदीस लिंबाचा रस व टाकणखाराचे संस्कार देऊन लाल चूर्ण तयार होऊ लागले. वस्तू बदलली, नाव राहिले. आपल्या पूर्वजांनी केशराचा प्रश्न परसातल्या हळदीने सोडविला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. केशराला रंग देणारे क्रोसिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये आपल्या दारच्या पारिजातकाच्या केशरी देठात असतात. अनंताच्या एका जातीच्या फळातही क्रोसिन असते. पारिजातकाच्या देठांनी पूर्वी वस्त्रे रंगवीत. ती खाण्याची वस्तू मात्र नव्हे.

परसातील लाल सोने

मग त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर काय? केशराऐवजी आपल्या वाडीस मानवणारा कोणता मोलाचा मसाला आहे? या दृष्टीने जायफळाचा विचार अवश्य व्हावा. जायफळाचे फळ पिकून उकलले म्हणजे आतील बीवर जाळीसारखे लालभडक आवरण दिसते. तीच जायपत्री. वजनाच्या मानाने ती जायफळापेक्षा महाग विकली जाते व तिला वातानुकूलित खोली लागत नाही.

जायफळास दमट हवा, ओलावा आणि अर्धी सावली हवी, म्हणजे नेमकी आपली आगरातील हवा. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्ये झाली. तेथे कोकण सुगंधा, कोकण स्वाद व कोकण श्रीमंती या जायफळाच्या जाती विकसित झाल्या. माडाच्या बागेत आंतरपिके घेण्याची विद्यापीठाची पद्धत ‘लाखी बाग’ या नावाने प्रसिद्ध आहे. चार माडांच्या मध्यबिंदूस जायफळ, दोन माडांच्या मधोमध दालचिनी आणि माडाच्या खोडावर काळी मिरी, अशी तिची मांडणी आहे.

येथे एका चुकीपासून जपावे लागते. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून रोपे लावली तर सहा-सात वर्षे वाट पाहिल्यावर जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात. त्या वेळी ती तोडताना होणारे दुःख अनुभवी बागायतदारांना विचारावे. म्हणून ज्ञात मादी झाडाची कलमे घ्यावीत व दहा मादी झाडांमागे एक नर ठेवावा. कलमास तीन-चार वर्षांत फळ दिसू लागते. वादळाने माड गेलेल्या उघड्या जागेत मात्र जायफळ एकदम लावू नये. उन्हाने कोवळी पाने करपतात. आधी केळी लावून सावली धरावी, माडाची नवी रोपे शेजारी वाढू द्यावीत आणि वर्षा-दोन वर्षांनी कलमे आणावीत. केळीचे उत्पन्न दरम्यानच्या काळात संसाराला हातभार लावतेच.

जायफळाचा त्रास आहे तो वाळवणीचा. फळे बहुतेक भर पावसात उकलतात आणि ओली जायपत्री दोन दिवसांत बुरशी धरते. घरोघरी चुलीवरच्या शिंकाळ्यात किंवा माळ्यावर ती वाळविण्याची रीत आहे. पण धुराचा वास लागला की भाव उतरतो. पाच-सात घरांत मिळून एक लहान वाळवणी यंत्र घेतले, तर माल स्वच्छ राहतो. त्या ग्रामसभेत गटाच्या शिलकीतून असे यंत्र घेता येईल काय, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली होती. निर्णय पुढील सभेवर ठेवण्यात आला. तत्पूर्वी दोन भगिनींनी रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात व श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात जाऊन कलमे व वाळवणी यांबाबत प्रत्यक्ष माहिती घेऊन यावी, असे ठरले.